बहात्तर किलो

"फरशी फुटेल," मास्तर खुर्चीतून म्हणाले. "खालचे वर येतील भांडायला."

बायकोने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. टेबलावर तांब्याला टेकवलेल्या फोनमधली बाई तिला शाबासकी देत होती, आणि ती पाण्याचा भरलेला कॅन खांद्यावर घेऊन बैठका मारत होती.

मास्तर म्हणजे गाडी शिकवणारे मास्तर. अर्ध्या गावाला त्यांनी क्लच-ब्रेक शिकवला, आणि शिकवता शिकवता रडवलंही. मग शिडीवरून पडले. कमरेखालचं सगळं गेलं, तोंड तेवढं शाबूत राहिलं. आता गाडी नाही, शिकाऊ नाही. तोंडाचा सगळा पट्टा एकट्या बायकोवर. चहा गार, उशी टणक, औषध उशिरा. चष्म्याच्या दुकानात दिवसभर उभी राहून ती घरी यायची, आणि चप्पल काढायच्या आत पहिली हाक यायची.

त्यात आता हे ॲप. संध्याकाळी अर्धा तास ती मास्तरांचं नाही, फोनमधल्या बाईचं ऐकायची. व्यायाम संपला की पडद्यावरची हिरवी रेघ जराशी वर चढायची आणि ती गालातल्या गालात हसायची. तिचे दंड भरले होते, पाठ ताठ झाली होती. अशी बाई आपल्याजवळ किती दिवस टिकणार? एक दिवस उठेल आणि चालू लागेल. मग आपली कूस कोण बदलणार?

भीती वाटली की मास्तर टोचून बोलायचे. दुकानात कुणी नवीन गिऱ्हाईक यायला लागलंय वाटतं, असं विचारायचे. नेमकं बैठकांच्या मध्येच त्यांना पाणी लागायचं. एकदा तर छातीत कळ आल्याचं सोंग केलं. डॉक्टर येऊन गेले, त्या दिवसाचा व्यायाम बुडाला, रोजची साखळी तुटली आणि ॲपने तिला पुन्हा पहिल्या पायरीवर आणून बसवलं. मास्तर खूश. दुसऱ्या दिवशी परत कॅन खांद्यावर.

त्यांच्या हातात आणखी एक हत्यार होतं, थोरला भाऊ. दर रविवारी त्याचा फोन यायचा. मास्तर मुद्दाम स्पीकर लावायचे. भाऊ हळहळायचा. म्हणायचा, आमचं तळमजल्याचं घर, तुझ्यासाठी खोली रिकामीच आहे, पण तुला दोन मजले खाली उतरवणार कोण? लिफ्ट नाही, आणि मास्तरांच्या तोंडापायी शेजारचं कुणी मदतीला फिरकत नव्हतं.

"याला म्हणतात रक्ताचं नातं," फोन ठेवून मास्तर सुनवायचे. "जिने नसते तर केव्हाच नेलं असतं त्याने मला. तुझ्यासारखं तोंड वाकडं करून नाही."

ती कॅन भरायला निघून जायची.

मग एकदा ती अंघोळीला गेली असताना तिचा फोन मास्तरांच्या हाताशी राहिला. त्यांनी ॲप उघडलं. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं : ध्येय, बहात्तर किलो. मास्तरांना हसू आलं. ही स्वतः साठ किलोच्या आत, मग बहात्तर कशाला? आणि हसता हसता ते थांबले. दवाखान्यातून घरी सोडलं तेव्हा त्यांचं वजन बहात्तर भरलं होतं.

ती केस पुसत बाहेर आली, तर मास्तरांच्या डोळ्यांत पाणी.

"मला उचलायचंय तुला?"

"हो."

"खाली न्यायला?"

"किती दिवस इथे कोंडून राहणार तुम्ही?" ती म्हणाली आणि टॉवेल वाळत घालायला गेली.

त्या दिवसापासून मास्तर बदलले. म्हणजे ओरडणं तेच, पण आता फोनमधल्या बाईच्या वरताण. गुडघा आत नको, श्वास सोड, घाई करू नकोस, चढावर गाडी असल्यासारखं हळूच उठ. तिचा कंटाळा दिसला की स्वतः फोन लावून द्यायचे. हिरवी रेघ वर गेली की तिच्याआधी टाळी वाजवायचे. तिला सोपं जावं म्हणून रात्रीची भाकरी अर्धी केली, गोड तर सोडूनच दिलं. मनातल्या मनात स्वतःला शिव्या घातल्या. काय समजत होतो आपण या बाईला! तिला एकदा सॉरी म्हणायचं ठरवलं, पण जीभ वळेना. खाली गेल्यावर म्हणू, असं त्यांनी ठरवलं.

एका सकाळी तिने रुंद पट्ट्याने त्यांना पाठीशी बांधलं आणि उचललं. प्रत्येक वळणावर भिंतीला टेकत, दम घेत, ती दोन्ही मजले उतरली. खालच्या मजल्याचे लोक दार उघडून बघत राहिले. मास्तरांनी तिच्या मानेवर कपाळ टेकलं होतं आणि ते लहान मुलासारखे रडत होते.

टॅक्सी उभीच होती. मास्तरांना वाटलं, जिथे आपण गाडी शिकवायचो त्या मैदानावर नेतेय. टॅक्सी उलटीकडे वळली तेव्हा त्यांना आणखीच कौतुक वाटलं. भावाला भेटवतेय! सगळं लक्षात ठेवते ही.

दार वहिनींनी उघडलं. मागून थोरला भाऊ आला आणि जागच्या जागी थिजला. बायकोने मास्तरांना सोफ्यावर नीट बसवलं, पाठीशी उशी दिली, परत टॅक्सीकडे गेली आणि त्यांचे कपडे, औषधं, चादरी भरलेली मोठी बॅग आणून शेजारी ठेवली.

"भाऊजी, तुमची अडचण फक्त जिन्यांची होती ना?" ती म्हणाली. "मी निघते, टॅक्सी थांबलीय."