अस्सल प्रत

"एवढं काय हुंगताय? गाइड आहे, अत्तर नाही," दुकानदार म्हणाला.

बाइंडरने लक्षच दिलं नाही. लेकीच्या प्रवेश परीक्षेचा मामला होता. चार गाइडं उलटून-पालटून झाली होती. पाचव्याचा पुठ्ठा त्याने वाकवला, खळ हुंगली, शिलाई बोटाने चाचपली. चष्म्याची एक काच तडकल्यापासून त्याचा डोळ्यांपेक्षा बोटांवर भरवसा जास्त.

"हे द्या. अस्सल आहे."

"माझ्याकडे नकली नसतंच. पावती जपा, आठवड्याभरात परत घेतो."

घरी त्याने लेकीला बजावलं, "फुटपाथवरच्या गाइडांकडे ढुंकूनही बघू नकोस. यात छापलंय तेच खरं. उगाच स्वतःचं डोकं चालवायचं नाही."

"बरं बाबा. पण तुमचा चष्मा…"

"माझ्या चष्म्याला कुठे परीक्षा द्यायचीय?"

तो ज्या छापखान्यात होता, तिथूनच त्या गाइडची नक्कल फुटपाथवर जायची. घरी कुणाला याचा पत्ता नव्हता. यंदा नवी उत्तरं वेळेत हाती लागली नाहीत आणि मालकाने डोक्याला हात लावला. तोडगा यानेच काढला. मागच्या वर्षीची उत्तरांची पानं कोपऱ्यात धूळ खात पडली होती, तीच शिवून टाकली.

"पन्नासेक उत्तरं चुकतील. कोण बघतंय?" तो म्हणाला होता. पांढरा दोरा संपला, तेव्हा शेवटचा गठ्ठा लाल दोऱ्याने शिवला. तेही कोण बघतंय! दुसऱ्यांच्या पोरांचं वाईट वाटलं, नाही असं नाही. पण जेवणाच्या सुट्टीपर्यंत तो ते विसरलाही.

लेक दोन महिने मान मोडून बसली. तो लांबूनच बघायचा, पुस्तकाला हातही लावायचा नाही. तिचं गाइड अस्सल होतं, बाकी जगाचं काय व्हायचं ते होवो.

परीक्षेच्या दिवशी तो फाटकाबाहेर उभा होता. ती धावतच आली.

"बाबा, निम्मा पेपर गाइडमधलाच!"

"आणि उत्तरं?"

"जशीच्या तशी लिहिली. बऱ्याच ठिकाणी मला वेगळं वाटत होतं. पण तुम्ही म्हणाला होतात ना, छापलंय तेच खरं."

त्याला भरून आलं. आयुष्यात एक तरी गोष्ट आपण धड केली, असं वाटलं.

"आता डोळे मिटा," ती म्हणाली आणि तिने त्याच्या नाकावर नवाकोरा चष्मा चढवला. "नंबराचा कागद कपाटात सापडला."

"पैसे कुठून आणलेस?"

"रागावणार नाही ना? तुम्ही आणलेलं गाइड मी दुसऱ्याच दिवशी परत केलं. फुटपाथवर अगदी तस्संच मिळालं, पाव किमतीत. परीक्षा झाल्यावरच सांगायचं ठरवलं होतं. आता बघा, आहे का काही फरक?"

तिने पिशवीतून गाइड काढून त्याच्या हातात दिलं. नव्या चष्म्यातून बारीकसारीक सगळं लख्ख दिसत होतं. त्याने मधलं पान उघडलं.

दोरा लाल होता.