कारणाचा रकाना

"गाव सोडण्याचं कारण?" मी विचारलं. शाळेला सुट्टी आणि आम्हा शिक्षकांच्या गळ्यात जनगणना. सकाळपासूनचं हे एकविसावं पत्र्याचं घर, त्यामुळे मान वर करायचंही त्राण नव्हतं.

"बाई, ओळखलं न्हाई? मी कमळा. मोरदरीच्या शाळेत खिचडी शिजवायची."

मी चष्मा सावरला. मोरदरीच्या शाळेत सात वर्षं मी एकटीच शिक्षिका होते. हिची धाकटी माझ्या खुर्चीला टेकून बाराखडी शिकली होती.

"अगं, तू इथं कशी?"

"तुमची बदली झाली आन् नवीन गुरुजी आलंच न्हाईत. दोन वर्सं वाट बघितली. पोरं शेरडं वळाया लागली, मग शाळाच बंद झाली. एकेक करून समदीच आली हिकडं. ह्या बोळात निम्मी मोरदरी हाय, बाई." मग तिनं बोळात हाक दिली, "अगं, आपल्या बाई आल्यात!"

दारादारांतून माणसं धावत आली. कुणी खुर्ची आणली, कुणी चहा टाकला. एखाद्यानं तरी रागानं बघायला हवं होतं. कुणीच बघितलं नाही.

रकाना अजून कोराच होता. "मग कारण काय लिहू?"

"पोरींचं शिक्षण, लिवा की."

मी लिहिलं. नऊ वर्षांपूर्वी बदलीच्या अर्जावर, माझ्या मुलासाठी, मी हेच कारण लिहिलं होतं.