कास

शिकारीत माणसाचा कस नेम धरताना लागतो, अशी क्लेटनची श्रद्धा होती. घोड्याएवढी एल्क हरणाची मादी पहिल्याच गोळीला आडवी झाली आणि उरलेला दिवस तिचं मांस पाठीवरून डोंगराखाली आणण्यात गेला.

सोलताना सासरे व्हर्जिल म्हणाले होते, "जावईबापू, कास मांडीला तशीच राहू द्या. नाक्यावर तपासतात." पण सकाळीच त्यांनी त्याला एल्कची लेंडी ताजी आहे का, हे चाखून सांगायला लावलं होतं. ही दुसरी थट्टा, असं समजून क्लेटनने कास कापून कोल्ह्यांना टाकली.

आता नाक्यावर शिकार खात्याच्या बाई पिकअपमधली एकेक मांडी उलटून बघत होत्या.

"परवाना मादीचा आहे. ही मादीच, कशावरून?"

सासऱ्यांनी थट्टा केली नव्हती, हे क्लेटनला आता कळलं. मांस तर जाणारच, वर सासऱ्यांपुढे शोभा.

"पुरावा कापला कुणी?"

"मी," व्हर्जिल पुढे होत म्हणाले. "म्हातारा झालोय, विसरलो. पोराला काही बोलू नका."

क्लेटनला भरून आलं. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी त्याची बाजू घेतली होती.

बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मांस जप्त केल्याच्या कागदावर क्लेटनची सही घेतली. परवाना त्याच्या नावावर होता.