डोंग्यावाली

इंटरवल झाली तरी ती बाई आली नाही.

यवतमाळच्या टॉकीजमध्ये मानीबाई खुर्चीच्या टोकावर बसून होती. पडद्यावर पंखवाले हत्ती उडून गेले, काळा डोंगर फुटला, राजकुमार तीनदा मरता मरता वाचला. तिला त्याचं काहीच नव्हतं. नात वर्षा पॉपकॉर्न घेऊन परत आली तेव्हा तिनं एकच विचारलं, "नदी कवा येते वं?"

"कोनती नदी?"

"डोंग्यावाल्या बाईची."

नदी इंटरवलनंतर आली. सैन्य काठाशी पोचलं. मानीबाईनं पदर सावरला. आणि सैन्य पुलावरून धडधडत पलीकडे निघूनही गेलं. डोंगा नाही, तो वल्हवणारी बाई नाही. पुढचा तासभर ती नुसती पडद्याकडे तोंड करून बसली.

परतीच्या एसटीत दोघीही चिडलेल्या. वर्षानं 'नऊ शिखरांचं राज्य' ही कादंबरी होस्टेलवर दोनदा वाचली होती, आणि तिच्या मते पिक्चरवाल्यांनी पुस्तकाचं पार वाटोळं केलं होतं. बोलणारा कावळा कापला. म्हाताऱ्या राणीला जवान केलं. कादंबरीत राजकुमार शेवटी गादी सोडून चालता होतो, इथं त्याची वरात काढली.

"अन् माही डोंग्यावाली?" मानीबाई म्हणाली. "तिले काहून कापलं?"

"आजी, डोंग्यावाली कोनी नाहीच पुस्तकात."

"तुनं नुसती पानं पलटवली असतीन. तुह्या आबानं वाचून दाखोलं मले, पंचवीस वर्षं!"

आबा म्हणजे फुलचंद, मानीबाईचा नवरा. आश्रमशाळेत शिपाई होता. शाळेनं मोडीत काढलेलं ते जाडजूड पुस्तक त्यानं तांड्यावर आणलं. दर उन्हाळ्यात, भर दुपारी, निंबाखाली बसून तो ते बायकोला पहिल्या पानापासून वाचून दाखवी. मराठीत वाचायचं, अडलं की गोरबोलीत समजवायचं. मानीबाईला अक्षर येत नव्हतं. आता फुलचंदाला जाऊन दोन वर्षं झाली. वर्षा होस्टेलवर, सुट्टीपुरती येते. मुलगा संजय पुण्याला. रविवारी फोन करतो, "याडी, गोळ्या घेतल्या का?" म्हणून विचारतो आणि ठेवून देतो. तांड्यातले लोक काकी म्हणतात, लेकरं आजी म्हणतात. सगळे चांगले आहेत हो, पण घरात मानीबाई एकटी. इतकी एकटी की दुपारी निंबाखाली बसायचंही तिनं सोडून दिलं. ती डोंग्यावाली एकदा डोळ्यांनी पाहावी, एवढ्यासाठी तिनं वर्षाच्या मागे लागून पिक्चर पाहिला होता.

घरी पोचल्यावर तिनं चहासुद्धा ठेवला नाही. पेटी उघडून पुस्तक काढलं. पान शोधायला वेळ लागला नाही, त्यावर आंब्याच्या रसाचा डाग होता.

"वाच इथून. मंग समजन कोन खोटं बोलून राह्यलं थे."

वर्षानं वाचलं, "सैन्य नदीपाशी आलं. पूल ओलांडून ते दिवस मावळण्याआधी पलीकडे पोचलं."

"मंग हाक?"

"कायची हाक?"

"अवं, थो म्हातारा सेनापती काठावर उभा राह्यते, हाक मारते, मंग थे बाई डोंगा घिऊन येते." मानीबाई घाईघाईनं सांगत सुटली. "लढाईतून थकून आलेला असते थो. तिले पाह्यल्याबिगर पानीबी पेत नाही. मले तं असा राग ये तिचा! तुह्या आबायले म्हनो, हे पान सोडा जी. तं थे हासत, अन् अजून जोरानं हाक मारत."

"नाव काय तिचं?"

मानीबाई जमिनीकडे पाहू लागली. सत्तरीची म्हातारी, पण चक्क लाजली.

"मानी म्हने थो तिले."

वर्षानं मागचं पान पाहिलं, पुढचं पाहिलं. मग आणखी दहा पानं चाळली. पूल होता, सैन्य होतं. मानी कुठंच नव्हती.

"आजी," तिनं हळूच विचारलं, "आबा तुले काय म्हनत?"

"मले? 'आयकतं का' म्हनत. संजय झाल्यावर 'संजयची याडी'. आमच्या वक्ती बायकोचं नाव कोन घे वं? मायबाप गेल्यावर माहं नाव तं कोनंच..."

ती वर्षाच्या हातातल्या पुस्तकाकडे पाहत राहिली. अंगणात कोंबड्या कलकलत होत्या, त्यांना हाकलायचंही तिला सुचलं नाही.

"थे मलेच हाका मारत व्हते," ती म्हणाली. "पंचवीस वर्षं! अन् मी खुळी, त्या बाईच्या रागानं उठून भांडे घासाले जाओ. एक डावही ओ नाही देली वं त्यायले."

तिला रडू आवरेना. वर्षानं तिला रडू दिलं. थोड्या वेळानं तिनं पुस्तक मांडीवर नीट धरलं, पुलाची ओळ बोटानं झाकली आणि छापलेलंच असावं तसं वाचू लागली, "सैन्य नदीपाशी आलं. म्हातारा सेनापती काठावर उभा राहिला. त्यानं हाक मारली, मानीऽऽ..."

"ओऽ," मानीबाई म्हणाली, "आली जी, आली."