गफूरचा उजवा खांदा

"खांदा कसा हाय?" इद्रीसने विचारलं.

"एकदम फस्क्लास," गफूर म्हणाला.

इद्रीस कॅप्टन होता आणि गफूरला पुरता ओळखून होता. आधी गुडघा, मग पाठ, मग हा खांदा. कुवेतमधल्या कोकणी माणसांत असा फास्ट बॉलर दुसरा नव्हता, आणि असा सदा मोडलेलाही दुसरा नव्हता. दोन हिवाळे तो बाउंडरीबाहेर बसून होता.

"दुखत असंल तर आत्ताच सांग, अशरफला देतो बॉल. पण मैदानात मोडलास तर पुन्हा टीममध्ये नाय घेणार."

"म्हटला ना, फस्क्लास."

अहमदीच्या त्या मैदानावर गवताचं पातं नव्हतं. चोपून बसवलेली रेती आणि मधोमध खिळे ठोकून ताणलेली काथ्याची मॅट. कोकणी टीमची बॅटिंग संपली होती, आता तेल कंपनीतल्या गोऱ्या साहेबांची टीम खेळायला येणार होती. तेवढ्यात असरची, दुपार कलल्यावरच्या नमाजाची वेळ झाली आणि पोरं तंबूमागे चादरी अंथरून उभी राहिली. इद्रीस पुढे, बाकीचे मागे रांगेत.

कोकणातले मुसलमान शाफई पंथाचे. रुकूत, म्हणजे कमरेत वाकण्याआधी आणि रुकूतून उठताना दोन्ही हात खांद्यापर्यंत उचलायचे, हे त्यांच्या अंगात लहानपणीच मुरलेलं असतं. हनफी पंथाचे लोक तसे उचलत नाहीत. गफूरने सुरुवातीला एकदा हात वर नेले, तेही छातीपर्यंतच. पुढे साऱ्या रांगेचे हात वर गेले, त्याचे खालीच राहिले. खांद्यात जे काही शिल्लक होतं ते त्याला बॉलिंगसाठी ठेवायचं होतं. अल्ला माफ करील, असं त्याने मनाशी म्हटलं. इद्रीस करणार नाही.

शेवटचा सलाम फिरवून नमाज संपला आणि हारूनचाचा भडकला. चाचाला क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नसे. तो दर शुक्रवारी पोरांचा चहा करायला येई आणि मॅचकडे पाठ करून स्टोव्ह सांभाळीत बसे.

"काय रे गफूर, हनफी झालास काय?"

रांगेत हशा पिकला. गफूरही हसला.

"बापजाद्यांची रीत समुद्रात टाकून आलास? गावाला गेल्यावर तुझ्या बापाला काय सांगू मी?"

गफूरचं हसू मावळलं. बाप त्याचा गावच्या मशिदीत बांग देत असे.

"व्हय चाचा," तो म्हणाला. "झालो हनफी."

हे बोलताना त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी खांद्याचं सांगण्यापेक्षा ते परवडलं. तो उठला आणि नवा बॉल घेऊन मैदानात गेला.

लांबून धावत आला तो जुनाच गफूर. बॉल मॅटवर पडला, झपकन आत वळला आणि साहेबाच्या पॅडवर आदळला. "हाउज दॅट!" सगळ्या टीमचे हात आभाळाकडे गेले. अंपायरचं बोटही वर गेलं.

विकेटकीपर जाफर बॉल उचलून मिठी मारायला धावला आणि जवळ येऊन थबकला. सगळ्यांचे हात वर, फक्त बॉलरचे खाली. गफूरचा उजवा हात दोरीवर वाळत घातलेल्या शर्टाच्या बाहीसारखा लोंबत होता. चेहरा पांढराफटक पडला होता. नमाजात जाफर त्याच्याच शेजारी उभा होता.

"म्हणजे मघाशी..." जाफर म्हणाला.

"इद्रीसला सांगू नको. अजून एक टाकतो. एकच."

जाफरने बॉल त्याच्या हातात ठेवला. बोटं मिटली नाहीत. बॉल मॅटवर पडला आणि घरंगळत इद्रीसच्या पायाशी गेला. इद्रीसने तो उचलला, रेती पुसली आणि अशरफकडे टाकला.

गफूर रडला. साहेबांसमोर, सगळ्या टीमसमोर, डाव्या हाताने डोळे पुसत बाउंडरीपर्यंत चालत गेला. मागे मॅच सुरू झाली होती.

सूर्य बुडाल्यावर मगरीबच्या नमाजाला त्याच चादरी पुन्हा अंथरल्या. गफूर रांगेत उभा राहिला, शेजारी जाफर. चाचाला कोणी काही सांगितलं नव्हतं. पण त्याची नजर रांगेवरच होती, आणि सलाम फिरताच तो पुन्हा कडाडला.

"जाफर! रुकूत जाताना हात उचलला नायस तू. आता तू पण हनफी?"

"व्हय चाचा," जाफर म्हणाला, आणि उठून गफूरच्या पायात बूट चढवून त्याची नाडी बांधायला खाली वाकला.