आठ दिवसांची मालकीण

"मम्मी, हा पातेला परफेक्ट आहे," लेव्ही लॉफ्टच्या शिडीवरून उतरत म्हणाला.

"हे पातेलं," एलिशेबाने आधी व्याकरण दुरुस्त केलं आणि मग पातेलं काढून घेतलं. "आणि हे पेसाहचं आहे. सणाखेरीज याला हात नाही लावायचा."

लंडनमधल्या हॅरोच्या त्या स्वयंपाकघरात सकाळपासून बिअर बनवणं चाललं होतं. डब्यातला तयार अर्क पाण्यात कालवायचा नाही, अख्ख्या धान्यापासून करायची, हा लेव्हीचा हट्ट. त्यासाठीचं स्टीलचं यंत्र त्याने ऑनलाइन पाहिलं, किंमत पाहिली आणि लॅपटॉप मिटला. मग घर धुंडाळलं. धान्य गरम पाण्यात मुरवायला पिकनिकचा कूल-बॉक्स. गाळायला मम्मीचं चक्का बांधायचं फडकं. उकळायला मोठं पातेलं मिळेना, तर रोजची दोन लहान. आंबवायला विकत आणली ती फक्त झाकणाची पांढरी बादली. काचेची फुगीर बरणी दिसायला देखणी होती, पण बादलीला कडी होती आणि ती स्वस्त होती.

सोलोमनने कूल-बॉक्सचं झाकण उचललं. आत मोड आणून भाजलेले, भरडलेले जव फुगत होते.

"हे तर गुरांचं आंबोण!"

"डॅडी, झाकण! हीट जाते." लेव्हीने झाकण दाबून बसवलं. "तुमच्या बर्थडेसाठी आहे. पेसाह संपला की नेक्स्ट डे तुमची सत्तरी. आठ दिवस बिअर नाही, आणि मग पहिला ग्लास घरचा."

सोलोमन लाजला. पातेलं पुसणारा एलिशेबाचा हात मात्र थांबला.

"तयार व्हायला किती दिवस लागतात रे?"

"टू वीक्स."

"आणि सण येत्या शनिवारी."

पेसाहचे आठ दिवस ज्यूंच्या घरात पावाचा तुकडासुद्धा ठेवायचा नसतो. फुगलेलं, आंबलेलं धान्य उंबऱ्याच्या आत नको. आणि ही तर अख्खी बादली.

"ओतून टाक, राजा," एलिशेबा हळूच म्हणाली. "पुढच्या वर्षी कर."

लेव्ही हलला नाही. सकाळपासून तो त्या कूल-बॉक्सशेजारी तापल्या पोराजवळ बसावं तसा बसला होता.

सोलोमनने घसा खाकरला. मोशेची, दावीदाची आख्यानं मराठीत लावणारा हा कीर्तनकार. घरातही गद्यात फार वेळ टिकत नसे.

"निघा निघा रे रातोरात, पीठ फुगेना परातीत..."

"अहो, गाऊ नका, सांगा."

"सांगतो. आपली कोकणातली जुनी माणसं पेसाहला काय म्हणायची? अनशी ढाकाचा सण. अनशी म्हणजे आंबट पाण्याचं मडकं. सणात ते झाकून ठेवायचं. झाकून! ओतून नव्हे."

"झाकलं तरी आपल्याच घरात ना?"

"आपलं असलं तर." सोलोमनने खिडकीतून कुंपणाकडे पाहिलं. "ज्यांना हा सण नाही, त्यांना विकायचं. सण झाला की परत घ्यायचं. रीतच आहे तशी."

कुंपणापलीकडे प्रमोदिनीकाकू तुळशीला पाणी घालत होत्या. सोमवार, चतुर्थी, एकादशी, एकही उपास न चुकवणाऱ्या. आणि सोलोमनच्या कीर्तनाला कायम पहिल्या रांगेत.

"मला? बिअर?" त्यांच्या हातातला तांब्या कलंडला. "सोलोमनभाऊ, तुमचं मोशेचं आख्यान मी पाच वेळा ऐकलंय. बेडूक आले, टोळ आले, समुद्र दुभंगला. शेजारणीला दारू विकली, असं कुठेच आलं नाही."

"ते उत्तररंगात येतं."

"चेष्टा पुरे."

"प्यायची नाही, ताई. नुसती ठेवायची. पण मालकी खरी हं. नाटक नाही. त्या आठ दिवसांत मी दारात येऊन मागितली, तरी द्यायची नाही."

"आणि मला वाटलं, ओतून टाकावी, तर?"

सोलोमनने लेव्हीकडे पाहिलं, मग खरं तेच सांगितलं.

"तुमचा हक्क."

लेव्हीने रिकाम्या बादलीची कडी दोन्ही हातांनी धरली होती. काकूंनी ते पाहिलं. "आलेच," म्हणत त्या आत गेल्या आणि एक पौंडाचं नाणं घेऊन आल्या. आधी ते पदराला पुसलं, मग कुंपणावरून सोलोमनच्या तळहातावर ठेवलं.

"झाली माझी. आता सांग रे लेव्ही, हिला काय काय लागतं?"

"ऊब लागतो, काकू. थंडी चालत नाही."

"ऊबदार जागा माझ्या घरात एकच. बॉयलरचं कपाट. पण ते देवघराला चिकटून आहे. तुझ्या बिअरला चालेल ना?"

"तुमच्या बिअरला," सोलोमन म्हणाला.

संध्याकाळी, यीस्ट घालून झाकण लावलेली बादली कुंपणावरून गेली. पाठोपाठ कूल-बॉक्स आणि चक्क्याचं फडकंही गेलं. एलिशेबाने एवढासा दाणा मागे राहू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेव्ही ऑफिसला निघताना काकूंकडे डोकावला. झाकणावरच्या नळीतून बुडबुडे यायला लागले का, एवढंच त्याला बघायचं होतं. दार उघडंच होतं. काकू देवघरासमोर पाठमोऱ्या बसल्या होत्या, हातात टाळ. डोळे मिटून त्या अभंग म्हणत होत्या, पण फारच संथ. एक ओळ झाली की थांबत. कान कपाटाकडे.

बुडुक, आतून आवाज आला.

काकूंनी टाळ वाजवले आणि पुढची ओळ धरली.

"काकू, मी जरा आत—"

त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही. नुसता हात वर केला.

"थांब. समेवर येऊ दे तिला."