विनकाआजीच्या गावची रीत

“जायच्या आधी मला कुणाकडे तरी सोपवून जा,” शेजारची विनकाआजी म्हणाली होती, तेव्हा मंजिरी खोक्यांना टेप लावत होती. ती हसली. आजी, इथे ऑस्ट्रेलियात फोन आहे, अ‍ॅम्ब्युलन्स आहे, हे काय तुमचं मॅसेडोनियातलं खेडं आहे?

खेडं नव्हे, शहर, असं म्हातारीने बजावलं होतं. लहानसं, दोन डोंगरांच्या बेचक्यातलं. नदी एक, रस्ता एक. त्याच रस्त्याने दर पिढीला कुणाचं तरी सैन्य यायचं, चौकातल्या पाट्या बदलायचं आणि निघून जायचं. माणसं तुसडी, परक्याशी धड बोलायची नाहीत. पण घर सोडून जाणारा शेजारच्या म्हाताऱ्याला हाताला धरून पुढच्या घरी नेणार: आजपासून हा तुमचा. एका हिवाळ्यात सैन्य आलं आणि एक कुटुंब घाईत तसंच पळालं. त्यांच्या शेजारचा लोहार बर्फ वितळल्यावर सापडला.

आता मंजिरी दुसऱ्या राज्यात, टूवूंबाच्या भाड्याच्या घरात, ओट्याशी उभी राहून फोन लावत होती. मेलबर्नजवळ, त्यांच्या जुन्या क्रेगीबर्नला पारा चाळिशीपार, आणि आजीचा फोन कालपासून नुसता वाजतोय. एसी ती लावायची नाही.

पोलिसांना कळवून झालं होतं. गाडी मोकळी झाली की पाठवतो म्हणाले. उन्हामुळे सगळीकडून असेच फोन येताहेत. आजीच्या पर्थमधल्या भाच्याने मेसेज पाहिलाच नव्हता. नवरा, सलिल, हॉस्पिटलमधल्या ड्यूटीवरून फोनवर म्हणाला, समोरच्या त्या पंजाबी बाईंना सांग ना. मंजिरीला त्यांचं नावसुद्धा माहीत नव्हतं. इतकी वर्षं त्या गल्लीत काढली, सगळ्यांना हात हलवला, नंबर मात्र एकट्या आजीचा. तोही आजीनेच हातात कोंबला होता म्हणून.

“शी इज स्लीपिंग, आई,” जमिनीवर गाडी फिरवत वेद म्हणाला.

मेलबर्नच्या मराठी ग्रुपवर मंजिरीने ‘नमस्कार, त्रासाबद्दल क्षमस्व’ असं लिहिलं आणि खोडलं.

‘क्रेगीबर्नमध्ये आत्ता कुणी आहे का? लायब्ररीमागची गल्ली, फाटकावर द्राक्षाचा वेल असलेलं एकच घर. विनका नावाच्या आजी एकट्या राहतात. बेल वाजवून परत फिरू नका. मागच्या अंगणात जा, खिडकीवर थापा मारा. काच फोडावी लागली तर फोडा, पुढचं मी बघते. दार उघडलंच तर त्या म्हणतील मी ठीक आहे, आणि चिडतील. चिडू द्या. तुम्ही कोण, मला माहीत नाही. पण हे वाचताय ना? चपला घाला आणि निघा.’